शरफूभाईंचं जंगल

शरफूभाई सुर्वे पहिल्यांदा आमच्या घरी आले, ते चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेले. मी 'बसा ना' म्हणत त्यांच्या मागे, बायको सुनीता हातातलं लाटणं सावरत बाजूला, आणि हा सहा फुटी माणूस ओट्याखाली वाकून गॅसच्या नळीवर छापलेली तारीख वाचतोय. वाचून झाल्यावर उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "वहिनी, नळीची मुदत संपून आठ महिने झाले. आधी नळी, मग चहा." मग स्वतःच खाली जाऊन कोपऱ्यावरच्या गॅसवाल्याकडून नवी नळी घेऊन आले, बसवली, साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडे येतात का ते पाहिलं. चहाचा कप हातात पडला तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. ते गेल्यावर सुनीता म्हणाली, "हे नेहमी येणार आहेत का?"

ते नेहमी आले. जेद्दाच्या अल अझीझिया भागात आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या. कंपनीही एकच. मोठे प्रकल्प वर्षातून एकदा काही आठवडे बंद ठेवून सगळी यंत्रं उघडतात, साफ करतात, झिजलेलं बदलतात आणि पुन्हा जोडतात. त्याला शटडाउन म्हणतात. आमची कंपनी ही कामं घ्यायची. मी सामानाच्या कोठारावर होतो. शरफूभाई प्लॅनर होते. कुठला बोल्ट कुणी, कधी आणि कशाच्या आधी उघडायचा, हे ते कागदावर ठरवत, आणि चारशे माणसं त्या कागदाबरहुकूम हलत.

आडनाव ऐकून मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कुठले सुर्वे?" माझ्या डोक्यात आमच्या साताऱ्याकडचे सुर्वे. ते शांतपणे म्हणाले, "खाडीचे." रत्नागिरीच्या अलीकडे एका खाडीच्या काठावर त्यांचं गाव. आजोबा गलबतावर, वडील बोटीवर, आणि हे पंचविशीत विमानानं इकडे. पाण्याशिवाय दुसरं काही या घराण्यानं फारसं पाहिलेलं नव्हतं.

त्यांचं एक वाक्य सगळ्या साइटवर प्रसिद्ध होतं. कुणी काहीही सांगायला गेलं की ते विचारायचे, "त्याच्याआधी काय?" एकदा चिपळूणचा एक वेल्डर लाजत लाजत म्हणाला, "शरफूभाई, माझं लग्न ठरलं." शरफूभाईंनी मान हलवली. "छान. त्याच्याआधी काय?" तो गोंधळला. म्हणाला, रजा. "रजेच्या आधी?" अर्ज. "दिलास?" दिला नव्हता. लग्न सहा आठवड्यांवर आलेलं, आणि नवरदेवाला वाटत होतं की मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, प्रेमानं सोडेल. शरफूभाईंनी तिथेच उभ्या उभ्या त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, परत येण्याचा व्हिसा त्याच आठवड्यात काढायला लावला. तो पोरगा स्वतःच्या लग्नाला वेळेवर पोचला याचं श्रेय मी तरी शरफूभाईंनाच देतो. लग्नाचा फोटो त्यांना आला तेव्हा त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "मांडवाचा खांब वायरीला टेकलाय बघ."

पण शरफूभाई खरे ओळखले जायचे ते जंगलाच्या प्लॅनसाठी.

सौदी म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर वाळू येते. ताइफच्या पुढे दक्षिणेला डोंगराच्या कडेकडेनं गेलं की बाहा लागतं, आणि तिथे खरंखुरं जंगल आहे. उंचावर, थंड, जुनिपरच्या काळसर झाडांचं, दुपारनंतर धुक्यात बुडणारं. शरफूभाईंनी त्या जंगलात दोन दिवस आणि एक रात्र तंबू टाकून राहण्याचा प्लॅन केला होता. अकरा मोठे कागद, ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेले, कोपऱ्यात सुधारित आवृत्तीचा आकडा. पेट्रोल कुठे भरायचं, कुठल्या पंपावरचं स्वच्छतागृह बायकांच्या लायकीचं आहे, तंबूचं तोंड कुठल्या दिशेला, शेगडी कुठल्या दगडाच्या आडोशाला. रस्ते दोन दिलेले, कारण मुसलमानांना मक्केवरून जाता येतं, आमच्यासारख्यांना अलीकडेच बाहेरच्या रस्त्याला वळावं लागतं. दोन्ही रस्त्यांच्या गाड्या घाटाच्या पायथ्याशी किती वाजता भेटतील, तेही लिहिलेलं.

इमारतीतली निम्मी कुटुंबं तो प्लॅन घेऊन जाऊन आली होती. आम्हीही गेलो. सातव्या कागदावर लिहिलं होतं, 'दुपारी साडेतीन. माकडं येतील. केळी डिकीत ठेवावीत.' मी हसलो होतो. तीन वाजून चाळीस मिनिटांनी पंधरा-वीस माकडांची टोळी कड्यावरून उतरली आणि शेजारच्या सौदी कुटुंबाची पावाची पिशवी घेऊन गेली. आमची केळी डिकीत होती. परत आल्यावर मी हे कौतुकानं सांगितलं, तर शरफूभाईंनी फक्त विचारलं, "चाळीस? नक्की?" आणि कागदावर दुरुस्ती केली. ते असं सगळ्यांकडूनच विचारून घेत, ट्रक ड्रायव्हरांकडून, बाहाला बदलून गेलेल्या हैदराबादी डॉक्टरांकडून. म्हणून तो प्लॅन दर वर्षी जास्त जास्त बरोबर होत गेला.

सामानाच्या यादीत एक वस्तू होती, 'पाठ असलेली उंच खुर्ची, एक.' सगळे ती इमानदारीनं न्यायचे, आणि कुणीच तीवर बसायचं नाही, कारण बाकीचे चटईवर. आम्ही दुसऱ्यांदा जाऊन आलो तेव्हा मी त्यांना विचारलंच की ही खुर्ची कशाला.

"झुबेदाच्या गुडघ्यासाठी," ते म्हणाले.

"पण भाभी कुठे येतात आमच्याबरोबर?"

"प्लॅन तिच्यासाठीच हाय ना. तुम्ही वापरता, वापरा."

तेव्हा मला कळलं की शरफूभाई स्वतः त्या जंगलात एकदाही गेलेले नाहीत. मला क्षणभर पटेना. कुठल्या वळणावर कठडा तुटलाय हे सांगणारा माणूस ताइफच्या पुढे कधी गेला नव्हता. लग्नानंतर भाभी जेद्दाला आल्या, तेव्हा पहिल्याच वर्षी त्यांनी म्हटलं होतं की एकदा त्या जंगलात जाऊ या. बाईनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली, असं शरफूभाई म्हणायचे, ती नीट झाली पाहिजे. त्याला अठरा वर्षं झाली होती.

अडायचं कुठे, तर शेवटच्या कागदावर. त्यांच्या धंद्यात होल्ड पॉइंट नावाची गोष्ट असते. तिथे काम थांबतं, आणि जबाबदार माणसाची सही झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. जंगलाच्या प्लॅनमध्ये असे पाच होते. गॅस, टायर, हवामान, फोनची रेंज, या चारांपुढे त्यांची सही दर वर्षी व्हायची. पाचवा होता, 'प्लॅनर दोन दिवस मोकळा.' तिथली चौकट अठरा वर्षं कोरी होती. कधी शटडाउन लांबला, कधी दुसऱ्या साइटवर निकड आली, कधी नुसतंच मुदीर म्हणाला की या आठवड्यात नको. त्यांची मुलगी नाझनीन इथल्या इंडियन स्कूलमध्ये वाढलेली. ती वैतागून म्हणायची, "अब्बा, इट्स जस्ट अ पिकनिक." शरफूभाई तिला समजावायचे की पिकनिकमध्येच माणसं मरतात, कारण तिथे कुणी प्लॅन करत नाही.

झुबेदाभाभी या सगळ्यात फार बोलायच्या नाहीत. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, एका गुडघ्यानं किंचित लंगडणाऱ्या. संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी त्यांचं माहेर. शरफूभाई जमिनीवर कागद पसरून बसले की त्या त्यांच्यावरून अलगद पाय टाकत चहा आणून ठेवायच्या, कागदाच्या कडेला, डाग पडणार नाही अशा बेतानं.

नाझनीनची बारावी झाली आणि ती रत्नागिरीला मामाकडे कॉलेजसाठी गेली. मग ठरलं की भाभींनीही जायचं, कायमचं. आमच्याकडे हे प्रत्येक घरात कधी ना कधी होतं. मुलांची शाळा संपते, बायको परत जाते, आणि पुरुष पुन्हा एका खोलीत तिघांत राहायला लागतो. भाभींचा फायनल एक्झिट लागला, म्हणजे आता इकामा, इथे राहण्याचा परवाना, संपला, मुदतीत निघायचं आणि परत यायचं नाही. तिकीट बुधवारचं काढलं. त्याआधी शुक्रवार-शनिवारची एकच साप्ताहिक सुट्टी उरली होती, आणि नेमका शटडाउनचा शेवटचा आठवडा चालू होता.

त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे होतो. शरफूभाई नेहमीसारखे कागद पसरून बसलेले. चार सह्या झाल्या होत्या. पाचव्या चौकटीवर पेन धरून ते म्हणाले, "बघू या. गुरुवारी चाचणी हाय. ती झाली की सांगतो."

भाभी चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, गुडघ्यावर हात देऊन जमिनीवर बसल्या, जे त्या कधी करत नसत. नवऱ्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्या कोऱ्या चौकटीत सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं, झुबेदा.

शरफूभाई त्या सहीकडे बघत राहिले. "अगो, ही प्लॅनरची सही हाय."

"आता झाली ना? खलास," त्या म्हणाल्या. "शुकरवारी निघायचा."

मला वाटलं, ते चिडतील. पण सही झालेल्या कागदापुढे हा माणूस नेहमीच हात टेकायचा. त्यांनी कागद गोळा केले, सारखे केले, आणि सुनीताला विचारलं की वहिनी, तुमच्याकडे जादा ब्लँकेट किती आहेत.

शुक्रवारी फजरचा नमाज करून सहाला निघायचं होतं. माझीच मोठी गाडी. सामान यादीप्रमाणे चढलं, खुर्ची टपावर बांधली. शरफूभाईंनी चार टायरांची हवा पाचव्यांदा तपासली. पांढरा इस्त्रीचा शर्ट, नवे बूट. सव्वासहाला त्यांचा फोन वाजला. गुरुवारची चाचणी रात्रभर लांबली होती, आणि तीत एका झडपेतून गळती सापडली होती.

गळती थांबवायला तिथे फिटर होते, दोन इंजिनिअर होते. शरफूभाईंनी फक्त क्रम सांगायचा होता, आणि तो फोनवर सांगता आला असता. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत असणार. ते म्हणाले, "दोन तास. आलोच." आणि टॅक्सीला हात केला.

भाभी मागच्या सीटवर मांडीवर पर्स ठेवून बसून राहिल्या. सुनीतानं वर चलायला सांगितलं, तर नको म्हणाल्या. आठ वाजले, नऊ वाजले. ऊन चढलं. साडेनवाला फोन आला की तुम्ही व्हा पुढे, मी दुसरी गाडी करून संध्याकाळपर्यंत पोचतो. भाभींनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "चला कदमभाऊ. सही माजी हाय."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला शरफूभाईंचा राग आला होता. घाट चढेपर्यंत मी कुणाशी धड बोललो नाही. रस्त्यात दर तासाला त्यांचा फोन यायचा. आता कुठे आहात, पेट्रोल भरलं का, डाव्या बाजूला पाण्याची टाकी दिसली का. सगळं बरोबर असायचं. टाकी दिसायची.

जंगलात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तंबूची जागा, शेगडीचा दगड, सगळं कागदाप्रमाणे सापडलं. भाभींना आम्ही खुर्चीवर बसवलं. हळूहळू दरीतून धुकं वर आलं आणि समोरची झाडं एकेक करून दिसेनाशी झाली. भाभी चहा पीत बसल्या होत्या. सुनीतानं कौतुकानं विचारलं, "आवडलं का भाभी? कधीपासून यायचं होतं तुम्हाला."

त्या हसल्या. "बरा हाय. पन मना कसला जंगल गो? माज्या म्हायेरी मागलं दार उघडला की जंगलच. भेकरा परसात यायची, चिबडा खाऊन जायची. करवंदा काढायला मी अख्खा डोंगर चढायची. ह्याच्यापरास दाट."

सुनीता माझ्याकडे बघायला लागली. मी विचारलं, "मग तुम्हीच म्हणाला होतात ना त्यांना?"

"म्हणाली होती. नवीन होती तवा. हे सकाळी अंधारात जायचे, रातीला यायचे, जेवून झोपायचे. मी चार भिंतीत. कंपनीचा कॅलेंडर होता, त्यात ह्या डोंगराचा फोटू. मी म्हटलं, हितं जाऊया एकदा. म्हटलं, तेवढेच दोन दिस कामावरनं सुटतील, माज्यासंगती बसतील. दुसऱ्या दिवशी हे कागद घेऊन आले."

"मग सांगायचं ना त्यांना."

"येवढा मन लावून करत होते. कसा सांगू?" त्यांनी कप खाली ठेवला. "आनी त्यांना काय म्हाईत मागं काय हाय ते? जावई पुढल्या दारानं येतो. पडवीत गादीवर बसवायचा, जेवाण वाढायचा, पुढल्याच दारानं गाडीत बसवायचा. मागल्या दारी जावयाला कोन नेतो?"

शरफूभाई संध्याकाळी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. माकडं आली ती पावणेचारला.

बुधवारी भाभींना सोडायला विमानतळावर शरफूभाई आणि मी गेलो. बॅगांची वजनं त्यांनी घरीच करून चिठ्ठ्या लावल्या होत्या. आत जायच्या दारापाशी ते म्हणाले, "पासपोर्ट डाव्या कप्प्यात हाय. पाण्याची बाटली आत नेऊ देणार नाहीत, आधीच पी." भाभी हो म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या शर्टाची वर गेलेली कॉलर नीट केली, आणि गेल्या. अठरा वर्षांचा संसार एवढ्यात उरकला.

परतीच्या रस्त्यावर शरफूभाईंनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी लावायच्या जागेला सावली होती का. रात्री वारा कुठून आला. ब्लँकेटं पुरली का. मी उत्तरं देत होतो. मग त्यांनी विचारलं, "कदम, खूश होती ना ती? अठरा वर्षं मनात होता तिच्या."

सुनीतानं मला बजावलं होतं की यातलं काही बोलू नका. मीही बोलणार नव्हतो. पण तो माणूस इतक्या समाधानानं विचारत होता की मला ते सहन झालं नाही. मी भाभी जे म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. कॅलेंडर, दोन दिवस, मागचं दार, सगळं.

मला वाटलं, आता विचारतील, त्याच्याआधी काय. त्यांनी विचारलं नाही. पुढे एक पेट्रोल पंप दिसला, तेव्हा म्हणाले, "तिथं घे जरा बाजूला."

पुढच्याच महिन्यात माझी बदली दम्मामला झाली, आणि त्या गडबडीत आमची पुन्हा अशी निवांत गाठ पडली नाही. त्यामुळे शरफूभाई म्हटलं की मला तो पंपच आठवतो. गाडीतून उतरून ते कठड्यापाशी गेले. घड्याळ पाहिलं. विमानाला अजून तासभर होता. त्यांनी फोन लावला. माझी काच खाली होती, म्हणून ऐकू आलं.

"झुबेदा," ते म्हणाले, "तुज्या म्हायेरच्या घरामागं काय काय हाय गो? सांग मना."

तिकडून भाभी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. शरफूभाई कठड्याला टेकून ऐकत होते. मधूनमधून 'हां' म्हणत होते, आणि एकदा त्यांनी विचारलं, "मग त्याच्या पलीकडं?"